पाण्यावरच्या भाकऱ्या

नोव्हेंबर सरत आला की धोम धरणाचा फुगवटा सकाळी इतका निश्चल असतो, की समोरच्या डोंगराची कड पाण्यात बघून मोजून घ्यावी. लहानपणी सुट्टीत मामा मला तिथे घेऊन जायचा. दगड फेकायला, असे मी समजायचो. पण पहिला अर्धा तास नुसता दगड वेचण्यात जायचा. दगड तळहातात मावला पाहिजे. करंगळीएवढा जाड हवा, फार पातळ नको, कारण हलका दगड वाऱ्यावर भरकटतो. खालची बाजू सपाट हवी. आणि कडेला एखादा बोथट कोपरा असावा, म्हणजे दगड सोडताना तर्जनीला टेकू मिळतो. मी उत्साहाने एखादा गुळगुळीत, गरगरीत गोटा उचलून दाखवला की मामा तो हातात तोलून म्हणायचा, "हा वरवंट्याला चांगला. इथे नको." आणि गोटा पुन्हा काठावर पडायचा.

चपटा दगड पाण्यावरून टप्पे खात पळवायचा, या खेळाला आम्ही भाकऱ्या म्हणायचो. गावोगावी नाव बदलते, पण दगड टेकतो तिथे पाण्यावर उमटणारी गोल वर्तुळे एकामागोमाग पाहिली, की परातीतून तव्यावर आणि तव्यावरून दुरडीत पडत जाणाऱ्या भाकऱ्याच आठवतात. तीन भाकऱ्या पडल्या तर बरे, सहा पडल्या तर शाबासकी. मामाच्या दहा-बारा सहज पडायच्या. कमरेत वाकून, हात आडवा ठेवून, मनगटाला झटका देत तो दगड सोडायचा आणि म्हणायचा, "जोर लावू नकोस. फिरवून सोड." या दोन वाक्यांत किती पदार्थविज्ञान भरले होते, ते मला फार उशिरा कळले.

मुळात प्रश्न साधा आहे. आपला काळा पाषाण पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. तो पाण्यात टाकला की बुडणार. मग तोच दगड पाण्याला टेकून पुन्हा हवेत का उडतो?

विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाच्या अंगाला याचे उत्तर ठाऊक असते. सूर नीट मारला तर पाणी वाट देते. तोच सूर चुकला आणि माणूस पोटावर पडला, तर फरशीवर आपटल्यासारखे वाटते, पोट लालबुंद होते. पाणी तेच, उंची तीच. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी रुंद पोटाखालच्या सगळ्या पाण्याला एकाच क्षणात बाजूला व्हायचे असते, आणि तेवढी सवड त्याला मिळत नाही. पाण्यालाही वजन आहे, एका लिटरला एक किलो. ते हलवायला जोर लागतो आणि तेवढाच जोर ते उलट लावते. हा उलटा जोर दोन गोष्टींवर ठरतो : दगडाचा किती भाग पाण्याला भिडला आहे आणि दगडाचा वेग किती आहे. त्यातही वेगाचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात होतो. वेग दुप्पट केला तर पाण्याचा रेटा चौपट. या रेट्याचा वर जाणारा हिस्सा दगडाच्या वजनावर मात करतो तोवर दगड उडत राहतो. वेग उतरला की रेटा उतरतो, आणि मग दगड दगडासारखा वागतो.

हा हिशेब नीट मांडून दाखवला तो लिदेरिक बोके या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने. फ्रान्समधल्या लिआँ शहरात तो विद्यापीठात होता. पाण्याच्या काठी दगड फेकत असताना त्याच्या लहान मुलाने विचारले, हे असे का होते? बापाने घरी येऊन समीकरणे मांडली आणि २००३ साली तो लेख अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या एका शिक्षणविषयक नियतकालिकात आला. मुलाच्या प्रश्नाला इतके मन लावून दिलेले उत्तर मला तरी दुसरे माहीत नाही. तेवढ्यावर तो थांबलाही नाही. ख्रिस्तोफ क्लाने आणि पास्काल एरसें यांच्याबरोबर त्याने यंत्र उभारले. दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची चकती घेतली, ती हव्या त्या वेगाने, हव्या त्या कोनात, हवी तेवढी फिरवत पाण्यावर सोडता येईल अशी सोय केली, आणि चकती पाण्याला भिडते तो क्षण अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला. हा क्षण म्हणजे सेकंदाचे काही शतांश. डोळ्याला तो दिसतच नाही. आपल्याला दिसते ती नंतर उमटलेली भाकरी.

या प्रयोगाचा निष्कर्ष जानेवारी २००४ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात छापून आला, आणि त्यातला एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे : २० अंश. दगड पाण्याला टेकतो तेव्हा त्याची पुढची कड किंचित वर उचललेली असावी आणि दगडाचा पाण्याशी २० अंशांचा कोन व्हावा. घड्याळातला मिनिटकाटा तीन मिनिटांत जेवढा सरकतो त्याहून थोडासा जास्त. हा कोन साधला की दगड पाण्याला कमीत कमी वेळ चिकटून राहतो, म्हणून त्याचा वेगही कमीत कमी खर्च होतो. कोन लहान झाला, दगड अगदी आडवा पडला, तर त्याचे अख्खे पोट पाण्यावरून घासत जाते. कोन मोठा झाला तर दगड पाणी नांगरत जातो. कोन ४५ अंशांच्या पलीकडे गेला तर तो उडतच नाही, सरळ आत शिरतो.

आता फिरकी. मामाच्या वाक्यातला हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पुढची कड वर म्हणजे पाण्याला आधी भिडते ती मागची कड. पाणी त्या मागच्या कडेला वर ढकलते आणि दगडाचे नाक खाली दाबले जाते. न फिरणारा दगड पहिल्याच टप्प्याला नाक खुपसून बुडी मारतो. फिरणाऱ्या दगडाचे तसे होत नाही. भोवरा फिरतोय तोवर आरीवर उभा राहतो आणि फिरकी संपली की आडवा होतो, तसेच हे. फिरणारी वस्तू आपला आस सहजासहजी सोडत नाही. तिला पुढे कलवायला गेलो तर ती बाजूला कलते. म्हणून दगडाचा २० अंशांचा कोन टप्प्यामागून टप्पा जवळपास तसाच टिकून राहतो, आणि थोडेसे कलणे होते ते बाजूला. भाकऱ्यांची रांग शेवटी एका अंगाला वळत जाते, ती याच कारणाने. लहानपणी मला वाटायचे वारा वळवतो. वारा पडलेला असतानाही रांग वळायची, तेव्हा मात्र मी गप्प बसायचो.

दगड किती टप्पे घेईल याचाही अंदाज बोकेच्या मांडणीत येतो. प्रत्येक टप्प्याला दगड जवळपास सारखीच ऊर्जा पाण्याला देऊन टाकतो. ठरावीक भाडे असलेल्या टोलनाक्यांसारखे आहे हे. खिशात किती आहे त्यावर किती नाके पार होतील ते ठरते. आणि खिशातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून सेकंदाला ८ मीटर वेगाने सुटलेला दगड या हिशेबाने सतरा-अठरा टप्पे घेतो, तर १२ मीटर वेगाचा चाळिशीच्या आसपास जातो. वेग दीडपट, टप्पे दुपटीहून जास्त.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट सुटते, जी काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. सुरुवातीचे टप्पे लांब लांब पडतात आणि त्यांतले अंतर फारसे कमी होत नाही. मग एकाएकी शेवटी ते दाटीवाटीने पडू लागतात, टिप टिप टिप टिप, मोजताच येत नाहीत, आणि दगड नाहीसा होतो. समीकरणात टप्प्याची लांबी अशीच आधी हळूहळू आणि शेवटी झपाट्याने घटते. ही शेवटची घाई मला सगळ्या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. मोजणीवरून आमची भांडणेही तिथेच व्हायची.

खेळ किती जुना? माणूस नदीकाठी राहतो तेवढा असावा, पण लेखी पुरावा बघायचा तर ग्रीक आणि रोमन काळापर्यंत जाता येते. ग्रीकांकडे या खेळाला नाव होते आणि ते खापराच्या तुकड्यावरून पडलेले होते. आपण लंगडी-ठिकरीत वापरतो तीच ठिकरी तिकडे पाण्यावर पळत होती. मिनुकियस फेलिक्स नावाच्या लॅटिन लेखकाने रोमजवळच्या ओस्तिया बंदराच्या किनाऱ्यावरची मुले वर्णिली आहेत. त्याचे पुस्तक धर्मावरच्या वादविवादाचे, गंभीर. पण तीन मित्र वाद घालत समुद्रकाठाने चालताना मुलांचा हा खेळ बघत उभे राहतात. मुलांच्या हातात लाटांनी घासून गुळगुळीत केलेले शिंपल्याचे तुकडे आहेत. तुकडा आडवा धरायचा, वाकायचे, हात होता होईल तो खाली न्यायचा आणि लाटांवरून भिरकावायचा. ज्याचा तुकडा लांब जाईल आणि जास्त वेळा उडेल तो जिंकला. जवळजवळ अठराशे वर्षे झाली या वर्णनाला. मामाने यातला एकही शब्द बदलला नसता.

अठराव्या शतकात इटलीतल्या लाझारो स्पालान्झानीने या विषयावर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला, १७६५ साली. वटवाघळे अंधारात डोळ्यांवाचून कशी उडतात हे तपासणारा तो हाच. एवढ्या मोठ्या निसर्गशास्त्रज्ञाला पाण्यावरून उडणारा दगडही अभ्यासाच्या तोलामोलाचा वाटला, हे वाचून मला मनापासून बरे वाटले.

आजचा विक्रम ऐकून मात्र विश्वास बसत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात ६ सप्टेंबर २०१३ रोजी कर्ट स्टायनर याने एका दगडाचे ८८ टप्पे काढले. त्याआधीचा विक्रम मॅक्स स्टायनर याचा, २००९ मधला, ६५ टप्प्यांचा. असे टप्पे नुसत्या डोळ्यांनी मोजणे शक्यच नाही, चित्रफीत संथ करून मोजावे लागतात.

स्कॉटलंडमध्ये मात्र टप्प्यांपेक्षा अंतराला मान आहे. पश्चिम किनाऱ्यावर ईझडेल नावाचे चिमुकले बेट आहे. तिथे छपराला लागणाऱ्या पाटीच्या दगडाच्या मोठमोठ्या खाणी होत्या, समुद्रसपाटीच्या खाली खणत नेलेल्या. १८८१ मध्ये मोठे वादळ झाले, समुद्र खाणींत घुसला आणि धंदा मोडला. खाणीत पाणी राहिले, आणि काठावर पाटीच्या पातळ, चपट्या कपच्यांचे ढीग. या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी असल्यावर पुढे काय होणार? १९८३ मध्ये तिथे पहिल्यांदा जागतिक स्पर्धा भरली, मध्ये खंड पडला, १९९७ पासून ती पुन्हा सुरू झाली. नियम काटेकोर आहेत. दगड बेटावरचाच, निसर्गाने घडवलेला, तीन इंचांहून रुंद नको. किमान दोन टप्पे पडलेच पाहिजेत. तीन फेकींच्या अंतराची बेरीज धरायची. पलीकडची भिंत ६३ मीटरवर आहे आणि अव्वल खेळाडूंचे दगड त्या भिंतीवर जाऊन आदळतात. २०२५ च्या स्पर्धेत तर काही दगड संशयास्पद रीतीने गोल निघाले. घासून घडवलेले होते ते. संबंधितांनी कबुली दिली आणि त्यांना बाद केले गेले. पुरी ६३ मीटरची भिंतही ज्याला अपुरी पडावी असा स्कॉटिश खेळाडू डगी आयझक्स. त्याने २०१८ मध्ये वेल्समधल्या एका तळ्यावर दगड १२१.८ मीटर लांब नेला.

ईझडेलच्या पाटीचा विचार करताना आपल्या दगडाकडे बघावेसे वाटते. पाटीचा दगड थरांचा, पापुद्र्यांचा असतो. चिखलाचे थर जमिनीखाली प्रचंड दाबाने दडपले जाऊन तो घडलेला असतो, म्हणून छिन्नी लावली की पान उलटावे तसा सुटतो. सह्याद्रीचा बेसाल्ट हा थिजलेला लाव्हा. त्यात अशी पाने नाहीत. तो फुटतो तो वेडावाकडा, आणि नदीत घोळला की त्याचे गोटे होतात. म्हणूनच घाटमाथ्यावरच्या नद्यांत अर्धा तास दगड शोधावा लागतो, आणि म्हणूनच पोरे कौलांचे तुकडे, फुटक्या माठाच्या खापऱ्या हाताशी ठेवतात. आमच्या गल्लीत एकदा घराची फरशी उखडली तेव्हा शहाबादीच्या तुकड्यांसाठी झुंबड उडाली होती. शहाबादी चुनखडीची, पाण्यात थरावर थर साचून झालेली, म्हणून जन्मतःच चपटी. तिची एक कपची मी दप्तरात वर्षभर जपली. शेवटी तिने सात टप्पे घेतले, आणि मला ती फेकल्याचे वाईट वाटत राहिले.

पाण्यावरून टप्पा घेण्याची ही युक्ती युद्धातही गेली. तोफांच्या काळात जहाजांवरचे गोलंदाज तोफगोळा मुद्दाम सपाट मारत, म्हणजे तो पाण्यावरून उड्या घेत शत्रूच्या जहाजाच्या कुशीत घुसे. गोळ्याला चपटे पोट नाही, उचललेली कड नाही, म्हणून त्याला फार निमुळत्या कोनात यावे लागते. लोखंडी गोळ्यासाठी ही मर्यादा सात अंशांच्या आतली आहे. दुसऱ्या महायुद्धात बार्न्स वॉलिस या ब्रिटिश अभियंत्याने हीच कल्पना पुढे नेली. जर्मनीतल्या धरणांच्या भिंतीला अगदी चिकटून स्फोट घडवायचा होता, आणि पाण्याखालून येणारे पाणतीर अडवायला धरणांपुढे जाळ्या होत्या. वॉलिसने १९४२ मध्ये घराच्या अंगणात पाण्याचा टब मांडला आणि मुलांच्या काचेच्या गोट्या गलोलीने त्यावरून उडवून पाहिल्या. त्यातून चार टनांहून जड असा पिंपाच्या आकाराचा बॉम्ब तयार झाला. विमानातून सोडण्याआधी त्याला मिनिटाला ५०० फेऱ्यांची उलटी फिरकी देत. विमान पाण्यापासून जेमतेम १८ मीटरवर उडवायचे होते, तेही रात्री. उंची कळावी म्हणून विमानाच्या पोटाखाली दोन दिवे असे तिरपे बसवले, की बरोबर १८ मीटरवर त्यांचे झोत पाण्यावर एकत्र येत.

१६ मे १९४३ च्या रात्री १९ विमाने निघाली. म्योने आणि एडर ही दोन धरणे फुटली. १३३ वैमानिक आणि सैनिकांपैकी ५३ मेले. खाली नदीखोऱ्यात तेराशेच्या वर माणसे पुरात वाहून गेली, आणि त्यांत मोठी संख्या होती सोव्हिएत प्रदेशातून पकडून आणलेल्या, वेठबिगारीला जुंपलेल्या बायकांची. टबातल्या गोट्यांची गोष्ट सांगताना या बायका बहुतेक वेळा गाळल्या जातात. मला ते चुकीचे वाटते.

तेच तत्त्व आकाशातही चालते, आणि तिथे ते माणसांना वाचवते. चंद्रावरून परतणारे यान ताशी सुमारे ४०,००० किलोमीटर वेगाने पृथ्वीच्या वातावरणावर येते. ते वातावरणाच्या वरच्या थराला टेकून थोडे वर उसळले आणि मग पुन्हा आत शिरले, तर उष्णता आणि धक्का दोन हप्त्यांत विभागले जातात आणि उतरायची जागाही नेमकी साधता येते. सोव्हिएत संघाच्या झोंड यानांनी १९६८-६९ मध्ये हे केले. ११ डिसेंबर २०२२ रोजी आर्टेमिस मोहिमेतले ओरायन यान, तेव्हा माणसांवाचून, असाच टप्पा घेऊन प्रशांत महासागरात उतरले.

इतके सगळे वाचून झाल्यावर २०२३ मधला एक शोधनिबंध हाती आला आणि मी पुन्हा धोमच्या काठावर गेलो. ब्रिटनमधले दोन गणिती, रायन पामर आणि फ्रँक स्मिथ, विमानावर साचणाऱ्या बर्फाचा अभ्यास करत होते. बर्फाचे कण पंखावरच्या पाण्याच्या थराला टेकून कसे उसळतात, हा त्यांचा मूळ प्रश्न. त्या गणितातून निघाले ते असे : जड वस्तू एरवी बुडायला हवी, पण तिचे पोट पुरेसे फुगीर असेल तर ती पाण्यात जरा खोल दबते, पाण्याला जास्त वेळ रेटते आणि मग एकदम उंच उसळते. टप्पे थोडे, पण उडी मोठी. चपट्या दगडाच्या बरोबर उलटे वागणे.

म्हणजे वरवंट्यासाठी बाजूला काढलेला तो गोटा.

गेल्या डिसेंबरात भाचीला घेऊन काठावर गेलो. मामा आता गुडघ्यांमुळे खाली उतरत नाही, वर बांधावर बसून होता. आम्ही चपट्या दगडांकडे पाहिलेच नाही. मुठीएवढे, पोट सुटलेले, काळे गोटे गोळा केले. पहिला गोटा बुडाला. दुसराही. तिसऱ्या वेळी भाचीने दोन्ही पाय रोवून, पूर्ण अंग वळवून, आडवा हात मारला. गोटा पाण्यात जवळजवळ गडप झाला आणि मग पाण्याचा एक पडदा उडवत बाहेर आला, तिच्या डोक्याहून उंच गेला, बराच पुढे जाऊन पडला. डुबुक. एकच भाकरी, पण परातीएवढी. बांधावरून मामाचा आवाज आला, "कसला दगड होता तो?" भाचीने उत्तर दिले नाही. ती पुढचा गोटा शोधत होती.